नवऱ्याला सायकल येत नाही आणि टँडम चालवायचीय? मग पुढे तूच बस

तू विचारलंस ते थोडक्यात असं, की तुला शाळेपासून सायकल येते, नवरा बेचाळीस वर्षांचा, आयुष्यात एकदाही सायकलवर बसलेला नाही, वजन तुझ्यापेक्षा वीसेक किलो जास्त, आणि दोघांना मिळून टँडम, म्हणजे एकामागे एक बसून दोघांनी चालवायची सायकल, चालवायची हौस आलीय. तर त्याला आधी साधी सायकल शिकवू का, पुढे कोणी बसायचं, आणि मुंबईत हे करण्यात काही अर्थ आहे का.

शिकवायची काही गरज नाही. पुढे तू. आणि अर्थ आहे, पण रविवारी, सकाळी आठ-साडेआठच्या आत घरी परत.

मी हे अकरा वर्षं करतेय त्यामुळे जरा लांबण लावते. मी सांगलीची, नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकलेली, कॉलेजात सायकलनेच जायचे. नवरा परळच्या चाळीतला, तिसरा मजला, गॅलरीत सायकल ठेवली असती तर चार बिऱ्हाडांशी भांडण झालं असतं, सो त्याला कोणी घेऊनच दिली नाही आणि मग वय निघून गेलं. माझं वजन ५६, त्याचं ७९. म्हणजे तुमचीच केस आहे जवळपास.

आता, लोकांना वाटतं की मागच्याला सायकल येत नाही हा प्रॉब्लेम आहे. माझा अनुभव उलटा आहे. माझ्या मागे बसलेल्यांत सगळ्यात वाईट कोण असेल तर माझा सख्खा भाऊ, जो वर्षानुवर्षं सायकल चालवतो. त्याचं मागे बसून मनातल्या मनात हँडल मारणं चालू, मी खड्ड्याच्या डावीकडून काढायला जाणार तर हा अंगानेच उजवीकडे ओढणार, बोटं सारखी ब्रेक शोधतायत, ब्रेक तर दोन्ही पुढे माझ्याकडे. नवरा गव्हाच्या पोत्यासारखा बसला पहिल्या दिवशी आणि खरं सांगते, मला तेच हवं होतं. मागच्याला स्टोकर म्हणतात, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारा. त्याचं काम ताकद लावणं आणि गप्प बसणं, ड्रायव्हिंग त्याचं नाहीच. पॅरासायकलिंगमध्ये, म्हणजे दिव्यांगांच्या सायकल शर्यतींत बघ, मागे दृष्टिहीन सायकलपटू असतो आणि पुढे दिसणारा पायलट, आणि ते लोक भन्नाट स्पीडने जातात. पुण्याचे दिव्यांशु गणात्रा स्वतः दृष्टिहीन आहेत, ते २०१६ मध्ये टँडमवरून मनाली ते खारदुंगला गेले. मागच्याला रस्ता दिसलाच पाहिजे असं काही नाही. त्याला सांगणारं कोणीतरी पाहिजे, आणि ते सांगणं ही तुझी जबाबदारी. बोलायला मी शिकले तीसुद्धा एका दृष्टिहीन मित्राला मागे बसवून, नवऱ्याबरोबर आधी एक वर्ष नुसती भांडणंच झाली होती.

म्हणून शिकायचंय तुला, त्याला नाही. टँडम मिळाली की पहिला तासभर एकटीने चालव. मागे कोणी नसताना ती विचित्रच वागते, मागचं चाक खड्ड्यात उड्या मारतं, आणि जवळपास आठ फूट लांब असल्यामुळे वळायला जागा इतकी लागते की साध्या गल्लीत यू-टर्न होत नाही, उतरून उचलून फिरवावी लागते. त्याची लाज वाटून घेऊ नको, मी अजूनही उतरते. मग दुसरा तास सायकल येणाऱ्या एखाद्या हलक्या मैत्रिणीला मागे बसव. नवरा तिसरा. तो पहिल्यांदा बसेल तेव्हा तू तरी घाबरलेली नसावीस एवढंच, कारण त्याला तुझी फक्त पाठ दिसते आणि खांदे वर गेलेले पाठीमागून लगेच कळतात.

त्याला तोपर्यंत घरी बसवून ठेवायचं नाही. सोसायटीच्या जिममध्ये ती जागेवरची सायकल असते ना, जिच्यावर लोक टॉवेल वाळत घालतात, तिच्यावर आठवडाभर रोज दहा मिनिटं बसव. ज्याने कधीच पायडल मारलेलं नाही त्याला पाय गोल फिरवायचीसुद्धा सवय नसते, तो जिना चढल्यासारखा एकेक पाय दाबतो, आणि टाचेने दाबतो. चवडा पायडलवर, हलका लोड, पाय भरभर. आणि सीटवर बसून बूड दुखतं हे ज्ञानही तिथेच झालेलं बरं.

आता बसायचं कसं, यात सगळ्यात जास्त घोळ होतो. तू सायकलच्या मध्ये उभी, पाय पायडलच्या बाहेर पडतील इतके फाकवून, दोन्ही ब्रेक घट्ट दाबून. इतके फाकवून का, तर पुढची आणि मागची पायडलं एका चेनने जोडलेली असतात, त्याला टायमिंग चेन म्हणतात, तो फिरवेल तशी तुझी फिरणार. आमच्या पहिल्या दिवशी नवरा बसला आणि 'ही उलटी पण फिरतात का बघू' म्हणून त्याने फिरवली, ती बरोबर माझ्या नडगीवर. पंधरा दिवस निळं होतं. म्हणून पहिला नियम, तू सांगेपर्यंत पायडल हलवायचं नाही.

वजनाचा फरक इथे जाणवतो. ७९ किलोचा माणूस पायडलवर पाय देऊन घोड्यावर चढल्यासारखा चढायला लागला तर ५६ किलोची बाई सायकलसकट आडवी होणार. त्याला सायकल फुटपाथच्या कडेला लावून चढव, डावा पाय फुटपाथवर, उजवी टांग नळीवरून पलीकडे, मग बूड सीटवर, पायडलवर वजन नाहीच. सुरुवातीला त्याची सीट थोडी खाली ठेव म्हणजे डावा पाय फुटपाथला टेकलेला राहतो आणि सगळं वजन तुझ्या हातांवर येत नाही. पुस्तकी पद्धत अशी की मागच्याने दोन्ही पाय कायम पायडलवर ठेवायचे, सिग्नलला पण, आणि पुढच्याने एकट्याने सायकल तोलायची. पुढचा वजनदार असेल तर ठीक आहे. आपल्यासारख्यांनी पहिले दोन-तीन महिने तो आग्रह धरू नये असं माझं मत. नंतर सीट वर घे, गुडघा जवळपास सरळ होईल इतकी, नाहीतर त्याचे गुडघे बोंबलतील.

निघताना उजवं पायडल वर, घड्याळात दोन वाजल्यासारखं. 'एक, दोन, चला.' चला म्हटल्यावर दोघांनी एकदम दाबायचं आणि जोरात दाबायचं. नवीन माणूस भीतीने हळू दाबतो आणि हळू निघालेली टँडम दारुड्यासारखी झुलते, मग तो आणखी घाबरतो, आणखी हळू दाबतो. पहिले तीन फेरे जोरात गेले की सायकल आपोआप सरळ होते. हे त्याला आधी जमिनीवर उभं असताना समजावून सांग, चालू सायकलवर समजावलेलं डोक्यात जात नाही.

शब्द आधी ठरवा. मराठीत आपण सगळ्यालाच 'थांब' म्हणतो आणि त्यानेच आमचा घात केला. बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्समध्ये, रविवारी सकाळी, रस्ता मोकळा, मी पुढे एक कुत्रं बघून पाय थांबवायचे म्हणून ओरडले 'थांब!' मला म्हणायचं होतं पायडल मारणं थांबव, त्याने ऐकलं की सायकल थांबतेय, उतरायचंय. त्याने चालत्या सायकलवर डावा पाय काढून जमिनीला टेकवायला घेतला, माझे पाय कुत्र्याला चुकवायच्या नादात अर्धा फेरा फिरले, आणि त्याचं रिकामं पायडल मागून येऊन पोटरीत बसलं. पडलो नाही, पण रक्त निघालं आणि घरी जाईपर्यंत अबोला. त्या दिवसापासून 'थांब' हा शब्दच बंद. 'पाय बंद' म्हणजे पायडल मारू नको, बसून रहा. 'टेकव' म्हणजे सायकल पूर्ण थांबलीय, आता पाय खाली, त्याच्या आधी नाही, आभाळ कोसळलं तरी नाही. 'हलकं' म्हणजे मी गियर बदलतेय, जोर काढ, कारण दोघांचा जोर चेनवर असताना गियर टाकला की कडकड वाजतं आणि चेन उतरते. आणि 'खड्डा'. मुंबईत हा जप आहे. मागचं चाक जवळजवळ त्याच्या सीटखालीच असतं, त्याला खड्डा दिसत नाही आणि सगळा दणका थेट मणक्यात. खड्डा म्हटलं की पायडलवर वजन घेऊन बूड किंचित उचलायचं, हे त्याला जमायला महिना लागेल, तोपर्यंत तू खड्डे चुकव. पेव्हर ब्लॉक उखडलेले, गटाराची झाकणं, पावसाळ्यात झेब्राचा पांढरा पट्टा, सगळं मोजून घ्यायचं.

आणि शब्द कृतीच्या आधी. तुला वाटतं ब्रेक मारला की त्याला कळेलच, कळतं पण उशिरा, त्याचं नाक तुझ्या पाठीवर आपटल्यावर. ज्या माणसाच्या हातात ब्रेक नाही, हँडल नाही, समोरचं दिसत नाही, त्याला घाबरवायला एक न सांगितलेला ब्रेक पुरतो.

सायकल कधीच न चालवलेल्या माणसात एकच गोष्ट खरोखर कमी असते, ती म्हणजे वळताना सायकलबरोबर कलायची सवय. सायकल हँडल फिरवून वळते असं त्याला वाटतं. ती कलून वळते. तू डावीकडे वळायला घेतलंस, सायकल डावीकडे कलली, की त्याला वाटणार आपण पडतोय आणि तो सगळं धड उजवीकडे उभं करणार. त्यात मुंबईचा माणूस, जन्मभर लोकलमध्ये उभा राहिलेला, डबा एका बाजूला गेला की अंग आपोआप दुसऱ्या बाजूला घालायची सवय हाडात. ७९ किलो उलट्या बाजूला गेले की सायकल वळायचं सोडून सरळ डिव्हायडरकडे निघते, मी एकदा डिव्हायडरच्या कुंडीतलं रोपटं फार जवळून बघितलंय. यावर 'वळताना झुक' असं सांगू नकोस, मग तो जास्त झुकतो आणि तेही आधीच. मी सांगते, तुझ्या शर्टाची बटणं आणि माझ्या पाठीचा कणा एका रेषेत ठेव, मी जाईन तिकडे बटणं. मोकळ्या जागेत मोठे गोल मारायचे, डावे दहा, उजवे दहा, हळूहळू लहान करत. तिसऱ्या-चौथ्या रविवारी एक वेळ येते की वळलो आणि मागे कोणी आहे हे जाणवलंच नाही. तेव्हा समज की बसला.

मागच्याची बाजूने पुढे वाकून बघायची सवय पण मोडावी लागते. 'काय झालं, काय आहे पुढे' म्हणून तो एका कुशीवर झाला की पूर्ण सायकल हलते. त्याला बातम्या देत रहा, म्हणजे वाकणार नाही. सिग्नल लाल आहे, रिक्षा उभी आहे, एक आजोबा क्रॉस करतायत.

भाड्याने आधी घेऊन बघा, लगेच विकत घेऊ नका. भाड्याची टँडम घेताना मी चार गोष्टी बघते. टायमिंग चेन बोटाने दाबायची, अर्धा-पाऊण इंचापेक्षा जास्त लोंबत असेल तर नको, ती उतरली की दोघांचे पाय वेगवेगळ्या गोष्टी करायला लागतात. मागचं हँडल तुझ्या सीटच्या दांडीला बसवलेलं असतं, ते धरून पिळून बघायचं, सैल असेल तर नवरा ओढेल तशी तुझी सीट फिरेल. चाकाला आऊट आहे का, म्हणजे फिरताना ते डुगडुगतं का बघायचं, दोघांचं वजन त्याच आऱ्यांवर असतं. आणि हवा, टायरच्या बाजूला जी कमाल हवा लिहिलेली असते तिच्या जवळपास, 'चालतंय मॅडम' म्हणणाऱ्या पोऱ्याचं ऐकायचं नाही. हां, आणि साध्या सायकलला आपण उजवी पँट दुमडतो, टँडमला बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना चेन असते, मागून पुढे येणारी टायमिंग चेन डावीकडे. दोघांनी दोन्ही पाय दुमडायचे, बुटाच्या नाड्या आत, आणि तू ओढणी घरी ठेव. हेल्मेट दोघांना, यावर चर्चा नाही.

जागा म्हणशील तर सुरुवात बीकेसीच्या आतल्या रस्त्यांवर, रविवारी सहाला. रुंद, सपाट, ऑफिसं बंद. मरीन ड्राइव्ह नंतर, पहाटे छान असतं पण तिथे रेसवाली मंडळी झुंडीने येतात आणि जॉगर मध्येच रस्त्यावर उतरतात, नवीन जोडीला ताप होतो. आरेचा रस्ता मला नवीन लोकांसाठी आवडत नाही, चढउतार आणि खड्डे, वर त्यात ट्रॅफिक. सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू हे विसर, सायकलला बंदी आहे. जरा हात बसला की मार्वेहून बोटीने मनोरीला जा, तिथून गोराई-उत्तनकडे, तो आमचा सगळ्यात लाडका रस्ता, फक्त सायकल बोटीत चढवायला तीन माणसं लागतात आणि बोटवाला आधी नाहीच म्हणतो.

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीपर्यंत साधारण सहा-सात किलोमीटर आहे, सावली आहे, सुंदर आहे, पण तो शेवटचा चढ उतरताना जपून. वजन दोघांचं, हवेचा विरोध मात्र दुप्पट नाही, त्यामुळे टँडम उतारावर साध्या सायकलपेक्षा फार लवकर पळायला लागते. रिम ब्रेक असतील तर सतत दाबून ठेवले की रिम तापते, फार तापली तर ट्यूब फुटू शकते. थोडा पुढचा, थोडा मागचा, असे आलटून पालटून, स्पीड वाढायच्या आधीच. मध्ये थांबायचं, पण रिमला हात लावून बघायचं नाही. मी लावलाय.

चढावर उलट, रडतखडत जाते. उभं राहून पायडल मारायचा मोह होईल, पहिलं वर्ष नको. चालत चढवा.

मागच्याला वारा लागत नाही हे कोणी सांगत नाही. सगळा वारा तू अडवतेस, मुंबईच्या दमट हवेत तो तुझ्या पाठीमागे वाफेत बसलेला असतो आणि तू म्हणतेस काय मस्त हवा आहे. पाण्याची बाटली त्याच्या हाताशी. दर पंधरा-वीस मिनिटांनी 'पाय बंद' म्हणून त्याला बूड उचलू दे, पुढचा माणूस खड्डे बघून आपोआप हलत असतो, मागचा तासभर एकाच जागी दगडासारखा बसतो. पहिल्या दिवशी एकूण वीस मिनिटं पुरे, त्याला आणखी हवंय तेव्हाच बंद करायचं.

लोक बोलणार, त्याची तयारी ठेव. मागे पुरुष आणि पुढे बाई हे आपल्याकडे अजून पचत नाही. 'भाऊ, पुढे या की!' 'ओ वहिनी, मागचा मारतच नाहीये!' हे दर रविवारी. नवरा सुरुवातीला लाल व्हायचा, एकदा तर माझ्याकडे हट्टाने पुढचं हँडल मागितलं होतं, मी म्हटलं घे, आणि बाजूला होऊन उभी राहिले, दोन मिनिटं नुसता धरून उभा होता मग गपचूप मागे गेला. आता तोच ओरडून उत्तर देतो, 'मालकीणबाई चालवतायत, मी मजूर आहे.' त्याला काहीतरी काम मात्र दे. घंटी मी त्याच्याकडे दिलीय, आणि मागून काय येतंय ते वळून बघून सांगायचं कामही, मला हँडलवरून नजर काढायला लागत नाही. हाताने इशारा करणं त्याला दोन महिन्यांनी शिकवलं, तोपर्यंत दोन्ही हात हँडलवर.

विकत घ्यायची ठरली तर टेप घेऊन आधी सोसायटीत फिर. लिफ्टमध्ये ती आडवी जात नाहीच, उभी करूनही आमच्याकडे गेली नाही, आणि लोकलमध्ये न्यायचा विचार सोडूनच दे, म्हणजे जिथे चालवायची तिथपर्यंत चालवतच जावं लागतं. आमची स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, दोन स्कूटरच्या मागे पाइपला साखळीने बांधलेली असते, सेक्रेटरीला दिवाळीत मिठाई वेगळी जाते. खाऱ्या हवेने चेन गंजते आणि इथे साध्या सायकलीच्या दुप्पट चेन आहे, सो पावसाळ्यात दर आठवड्याला पुसून तेल, डावीकडची विसरायची नाही, ती भिंतीच्या बाजूला येते म्हणून सगळे विसरतात.